सहा यार्डांतली हाक

१

गोलकीपरची निम्मी नोकरी हातांची आणि निम्मी घशाची असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. लोकांना झेप दिसते, चेंडू पोटाशी धरून लोळणं दिसतं. कीपरचं ओरडणं त्यांना ऐकू येत नाही, कारण त्या वेळी ते स्वतःच बोंबलत असतात. पण कडेने मारलेला उंच चेंडू गोलसमोर आला, की पुढचा सगळा कारभार एका शब्दावर चालतो. कीपर “माझा!” म्हणाला, की त्याच्या माणसांनी चेंडू सोडायचा, वाटेतून बाजूला व्हायचं आणि जमलं तर समोरच्या संघातल्या धटिंगणांना अंगाने अडवून धरायचं. कीपर “उडव!” म्हणाला, तर मागचापुढचा विचार न करता लांब भिरकावायचा. आणि तो गप्पच राहिला, तर आपल्या अकलेने काय ते करायचं आणि नंतर कीपरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पाठीमागून आलेल्या आवाजावर भरवसा टाकायचा, मान वळवून बघायचं नाही. डिफेंडरला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच.

मास्तर उमेदीची सगळी वर्षं हेच करत आला होता. मास्तर हे अर्थात टोपणनाव. शाळेत जेमतेम पास झालेल्या माणसाला हे नाव पडलं ते त्याच्या गळ्यामुळे. गोलपुढच्या सहा यार्डांच्या चौकोनात तो वर्गावर उभा राहिल्यासारखा ओरडायचा आणि भलेभले डिफेंडर पोरांसारखे सरळ व्हायचे. गळाही असा, की टाळ्या-शिट्ट्यांच्या वर निघून मैदानाच्या पार पलीकडे पोचायचा. विरोधी संघाचे लोक सामना संपल्यावर विचारायचे, “तुमच्या कीपरला घरी कोण सहन करतं हो?”

गेल्या हंगामात असाच एक उंच चेंडू घ्यायला तो पुढे धावला, हवेत उडाला, आणि समोरून आलेल्या फॉरवर्डचा गुडघा त्याच्या उजव्या खांद्यात बसला. खांदा निखळला. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, फिजिओने महिनोन्महिने रबरी पट्टे ओढायला लावून तो पूर्वीसारखा केला. पण खांद्याबरोबर जे आणखी काही निखळलं होतं, ते काही जागेवर बसलं नाही. उंच चेंडू आला, की मास्तरचे पाय गोललाइनला चिकटायचे. दोन पावलं पुढे टाकणं जमायचं नाही आणि घशातून शब्द फुटायचा नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तर तर ताकाच्या पातेल्याकडे बघायलाच तयार नव्हता.

ही गोष्ट त्याने एकाच माणसाला सांगितली होती. मधला डिफेंडर, संघाचा कॅप्टन, त्याच्या लग्नात त्याच्याशेजारी उभा राहिलेला त्याचा जिवाभावाचा मित्र. उंचपुरा आणि हलता न हलणारा, म्हणून सगळे त्याला खांब म्हणायचे.

“तू लाइनवर थांब,” खांब म्हणाला होता. “वरचे चेंडू मी बघतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला कळायचं नाही.”

मास्तरला रडू आलं होतं. या वयाच्या कीपरला एका क्लबने सोडलं की दुसरा दारात उभं करत नाही. त्याला ठेवायचं की सोडायचं, हे हंगाम संपल्यावर ठरणार होतं, आणि बाकावर दुसरा कीपर ताजा, तरणाबांड, हातमोजे चढवून बसलेला होता. हा एक हंगाम निभावून नेला तर मास्तर मास्तर राहणार होता. नाहीतर तो कुणीच नव्हता, निदान स्वतःच्या नजरेत तरी.

२

सकाळचा सराव होता. रात्रभर पाणी मारल्यामुळे गोलपुढचं गवत मऊ झालं होतं. कोच कोपऱ्यातून एकेक चेंडू उंच टाकत होते आणि खांब व त्याचे तीन जोडीदार ते डोक्याने बाहेर काढत होते. मास्तर ठरल्याप्रमाणे लाइनवर उभा होता आणि टाळ्या वाजवून उत्साह दाखवत होता.

एक चेंडू सहा यार्डांच्या बरोबर टोकाशी आला. खांब त्याच्याखाली उभाच होता. त्याने उडी घेण्यासाठी गुडघे वाकवले, आणि मग एकाएकी डोकं खाली घालून बाजूला झाला. चेंडू टप्पा खाऊन मास्तरच्या कानाजवळून जाळीत गेला.

“अरे, काय हे?” खांब वैतागून वळला. “माझा म्हणालास ना?”

“मी?” मास्तरला हसू आलं. “मी तोंडही उघडलं नाही.”

“चांगला ठणठणीत म्हणालास.”

“मीही ऐकलं,” बाजूचा डिफेंडर म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

कोच लांबून ओरडले, “मास्तर! म्हणालास तर ये की! नुसता आवाज देऊन चेंडू हातात येत नाही!”

म्हणजे कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं होतं. मास्तरला वाटलं, सवयीने गळ्यातून निघालं असेल, आपलं आपल्यालाच कळलं नसेल. झोपेत माणूस चालतो, मग जागेपणी नकळत ओरडायला काय झालं? त्याने “चुकलं” म्हणून हात वर केला आणि चेंडू आणायला जाळीत गेला.

परत येताना तो सहज खांब उभा होता तिथपर्यंत गेला. मऊ मातीत बुटांच्या खिळ्यांचे ठसे होते. दोन पावलं पळत आलेली, तिसरं खोल रुतलेलं, जिथून एका पायावर उडी घेतली असावी. उडी जिथे घ्यायला हवी होती, नेमकी तिथेच घेतलेली. मास्तरने स्वतःचा बूट शेजारी ठेवून पाहिला. माप तेच होतं, खिळ्यांची नक्षीही तीच होती. आज सकाळपासून तो लाइनवरून हललेला नव्हता. कालचे असतील, तो मनाशी म्हणाला, आणि काल रात्रभर इथे पाणी मारलंय हे आठवायचं त्याने टाळलं.

३

त्यानंतरच्या सामन्यांत संघाला गोल खावे लागेनात.

मास्तर लाइनवर उभा असायचा. हात पुढे, गुडघे वाकलेले, तोंड घट्ट मिटलेलं. आणि त्याच्या मागून, डाव्या खांद्याच्या किंचित वरून, आवाज यायचा. “उडव!” “डावीकडे माणूस आहे!” “सोड, बाहेर चाललाय!” मग सगळे चेंडू सोडायचे आणि तो खरंच सूतभर अंतराने बाहेर जायचा. जो चेंडू वाऱ्याने वळून नेमका मास्तरच्या छातीवर येणार असायचा, त्यालाच “माझा!” अशी हाक यायची. पहिल्या दिवसासारखी चूक पुन्हा झाली नाही. मास्तर पुढे येत नाही, हे त्या आवाजाला आता ठाऊक झालं असावं.

आवाज त्याचाच होता, यात शंका नव्हती. पण तो आत्ताचा नव्हता. खांदा निखळायच्या आधीचा, भरलेला, कशालाच न भिणारा होता. मास्तरला तो ऐकून पहिल्यांदा भीती वाटली नाही, लाज वाटली. माणसाने लग्नातला कोट कपाटातून काढावा आणि तो आता अंगात जात नाही हे कळावं, तशी.

कोचनी सर्वांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. “गोलपुढचा बॉक्स तुझ्या मुठीत आहे, मास्तर. या हंगामात तुझ्यासारखा बोलणारा कीपर नाही.”

मास्तर हसला. नाही म्हणावं असं त्याला वाटलं, पण म्हणून सांगणार काय? मानसिक ताण, मेंदूला बसलेला धक्का, स्टेडियममधला प्रतिध्वनी, अशी कारणं त्याने शोधून ठेवली होती आणि प्रत्येक कारणात कुठेतरी भोक होतं. सगळ्यात पटणारं कारण म्हणजे तो दुसरा कीपर. सामना चालू असताना तो गोलमागच्या पट्ट्यात अंग मोकळं करत धावायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, मास्तरने मनाशी ठरवून टाकलं. माझी नक्कल करतोय. मला वेडा ठरवून माझी जागा घेणार.

एका सामन्याआधी त्याने त्याला बोळात गाठलं. “तू गोलमागून ओरडतोस का रे?”

दुसऱ्या कीपरने गळ्याला गुंडाळलेल्या मफलरकडे बोट दाखवलं. चार दिवस त्याचा घसा बसलेला होता; “नाही हो दादा” हे शब्दसुद्धा नुसत्या श्वासासारखे बाहेर आले. त्या दिवशी मास्तरमागचा आवाज नेहमीपेक्षाही खणखणीत होता.

४

बायको सामन्यांची रेकॉर्डिंग बघायची ती इस्त्री करता करता. रविवारी दुपारी मास्तर सोफ्यावर पाय पसरून बसला होता आणि टीव्हीवर कालचा सामना पुन्हा चालू होता.

“किती दिवसांनी ऐकलं हे,” ती म्हणाली.

“काय?”

“तुझा आवाज. मध्यंतरी कसा दबल्यासारखा झाला होता. घरात बोलतोस तर ऐकूसुद्धा येत नाही, दोनदा विचारावं लागतं. मैदानावर मात्र बघ! आपलं लग्न झालं तेव्हा असाच होता.” ती हसली. “शेजारचे तक्रार घेऊन यायचे, आठवतं?”

पडद्यावर कॉर्नर मारला जात होता. कॅमेऱ्याने त्याचा चेहरा जवळून घेतला होता. ओठ मिटलेले होते, आणि त्याच क्षणी “उडव!” असं लख्ख ऐकू आलं.

“थांबव,” तो म्हणाला. “मागे ने. आता बघ माझं तोंड.”

तिने बघितलं. इस्त्री उभी करून ठेवली आणि पुन्हा एकदा बघितलं.

“आवाज मागेपुढे होतो रे टीव्हीवर,” ती म्हणाली. “आपली ती मालिका नाही का, माणूस गप्प झाला तरी बोलणं चालूच असतं.”

“अगं, बाकी कुणाचा मागेपुढे होत नाहीये. रेफ्रीची शिट्टी बघ. बरोबर आहे ना?”

“मग काय म्हणायचंय तुला?”

आता तो तिला सांगणार होता. खांद्याचं, पायांचं, मागच्या आवाजाचं. तिने कान देऊन ऐकलं असतं, अशी त्याची खात्री होती. पण ती पुन्हा पडद्याकडे वळली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी कोवळं होतं, जे ती त्याच्याकडे बघताना त्याला फार दिवसांत दिसलं नव्हतं. टीव्हीतून हाक आली आणि तिने मान डोलावली.

“किती छान ओरडतोस,” ती म्हणाली.

मास्तर उठून आत गेला. स्वतःचाच मत्सर करायची वेळ कुणावर येऊ नये.

५

मग तो रिकामा सामना आला. आधीच्या सामन्यात प्रेक्षकांनी खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या होत्या, त्याची शिक्षा म्हणून पुढचा सामना प्रेक्षकांशिवाय खेळवायचं ठरलं.

भर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि चारी बाजूंना रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. बुटांचा आवाज ऐकू येत होता, खेळाडूंचे श्वास ऐकू येत होते, कुंपणापलीकडे कुणीतरी पाण्याचा नळ सोडून ठेवला होता तोही ऐकू येत होता. गोलमागच्या पट्ट्यात मास्तरने स्वतः फिरून पाहिलं. कुणीही नव्हतं. दुसरा कीपर लांब बाकावर बसलेला होता.

मास्तरने आज एक युक्ती केली होती. पोस्टजवळ ठेवलेल्या बाटलीतून त्याने तोंडभर पाणी घेतलं आणि गिळलं नाही. तोंडात पाणी असलं की माणसाला हूं की चूं करता येत नाही. आता जर हाक आली, तर ती आपली नाही हे तरी नक्की होईल. आणि नाही आली, तर आपल्यालाच काहीतरी झालंय, मग डॉक्टर गाठू. दुसरं खरं ठरावं अशी तो मनापासून प्रार्थना करत होता.

कॉर्नर आला. चेंडू हवेत चढला. गाल फुगवून मास्तर लाइनवर उभा राहिला.

“माझा!”

रिकाम्या स्टेडियममध्ये तो शब्द खुर्च्यांवरून फिरून परत आला. मास्तरच्या मानेवरचे केस हलले, कारण हाकेबरोबर श्वासही आला होता. गरम, कुणीतरी जवळून सोडलेला. त्याच्या पाठीला जाळी लागलेली नव्हती. जाळी त्याच्यापासून बरीच मागे होती. चारही डिफेंडर एकदम बाजूला झाले आणि चेंडू वळत वळत त्याच्या हातांत येऊन पडला. तो त्याने छातीशी धरला. तोंडातलं पाणी तसंच होतं.

इथवर त्याने मनाची तयारी केलेली होती. ज्याची केली नव्हती ते नंतर घडलं. खांब वळला आणि नेहमीसारखा अंगठा वर करून “शाबास” अशी खूण केली. त्याची नजर मास्तरच्या चेहऱ्यावर नव्हती. ती मास्तरच्या डाव्या खांद्यावरून मागे गेली होती आणि तिथे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्थिर झाली होती. तो तिथे बघून हसला.

मग त्याचं लक्ष मास्तरच्या फुगलेल्या गालांकडे गेलं. खांबाने नजर पटकन खाली घातली. मास्तरने पाणी थुंकलं. ते थुंकताना त्याला कळलं, की हा माणूस दचकलेला नाही. हा फक्त पकडला गेलाय.

६

ड्रेसिंग रूममधून सगळे निघून जाईपर्यंत मास्तर बाकड्यावर बसून राहिला. शॉवरचं पाणी टपकत होतं. खांबही थांबला होता. एकच नाडी तो पुन्हा पुन्हा सोडत आणि बांधत होता.

“कधीपासून?” मास्तरने विचारलं.

“तू दुखण्यातून परत आलास, तेव्हापासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं होतं? तुझ्या मागे कुणीतरी उभं असतं, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं कीपिंग करतं, असं?” खांबाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “पहिल्यांदा मीही घाबरलो. पण मग आपण जिंकायला लागलो रे.”

“बाकीच्यांना माहीत आहे?”

“आम्हा चौघांना. कोचना बहुतेक असावं. ते विचारत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, जे चाललंय त्याला हात लावू नका.”

“दिसतं तुला ते?”

खांबाने नाडीची गाठ मारली. “मागे वळून बघायचं नसतं, असं तूच शिकवलंस मला.”

“पण आज बघितलंस.”

खांबाने गाठ पुन्हा सोडली. मास्तरने चेहऱ्यावरून हात फिरवला. “मग मला कशाला ठेवलंय? बसवा की बाकावर. त्या दुसऱ्याला खेळवा, पाठीमागे ते आहेच.”

“खेळवून बघितलं,” खांब म्हणाला. “तू दातांच्या डॉक्टरकडे गेला होतास ना, त्या सराव सामन्यात. आवाज आला नाही. तू असलास की येतं ते.”

“म्हणजे मी खुंटी. कोट अडकवायला.”

“असं नको म्हणूस.”

“मग कसं म्हणू? तूच सांग, कसं म्हणू?”

“हे बघ,” खांब काकुळतीला येऊन म्हणाला, “तुला हंगाम निभावायचा होता, तो निभतोय. तुझी जागा पक्की झालीये. मी सगळ्यांना समजावलं, की त्याला काही बोलू नका, तो आधीच उंच चेंडूला घाबरतो...”

तो थांबला. पण बोलून बसला होता.

“तू त्यांना ते सांगितलंस?”

“सांगावं लागलं. नाहीतर ते तुलाच विचारत बसले असते.”

केसाने गळा कापणं हा शब्दप्रयोग मास्तरने आयुष्यभर वापरला होता. कापताना इतकं कमी दुखतं आणि नंतर इतकं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मागे जे काही उभं राहत होतं त्याचा त्याला त्या क्षणी राग आला नाही. ते निदान परकं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

“शेवटचा सामना राहिलाय,” तो शेवटी म्हणाला. “तेवढ्या एका सामन्यात माझं ऐक. मी पुढे येईन. मी ओरडेन. मागून काहीही ऐकू आलं तरी तू माझं ऐकायचं. बाकीच्यांचं मला काही नाही. तू.”

“जमेल तुला?”

“ते माझं मी बघेन. तू ऐकशील का?”

खांबाने त्याच्या ओल्या हातमोज्यावर स्वतःचा पंजा ठेवला. “फक्त तुझं. गळ्याशपथ.”

७

शेवटच्या सामन्याला स्टेडियम गच्च भरलं होतं. एका गोलने आघाडी होती आणि ती टिकली तर विजेतेपद होतं. पण मास्तरला विजेतेपदाचं काही पडलेलं नव्हतं. त्याला एकच चेंडू हवा होता. पुढे येऊन, स्वतः हाक देऊन, स्वतःच्या हातांनी घेतलेला एक चेंडू, म्हणजे घरी जाऊन आरशात बघता आलं असतं. मग क्लबने ठेवो की काढो.

पूर्वार्धात त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मागच्या आवाजाने त्याच्याआधी शब्द घेतला. खांब मात्र कबूल केल्याप्रमाणे दर वेळी आधी मास्तरकडे बघत होता. त्या नुसत्या बघण्याने मास्तरच्या अंगात बळ येत होतं. मित्र आहे, तो मनाशी म्हणाला. चुकला, पण माझा आहे.

सामना संपत आला आणि शेवटचा कॉर्नर मिळाला तो विरोधी संघाला. त्यांचा आडदांड फॉरवर्ड मास्तरच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. खांबाने त्याला अंगाने रेटून धरलं. हेच त्याचं काम होतं. तो असा उभा राहिला, तर मास्तरला वर उडायला मोकळी जागा होती आणि खांद्याला धोका नव्हता.

चेंडू चढला. मास्तरचे पाय चिकटले. मग, कसे कोण जाणे, सुटले. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्यावर त्याने जमीन सोडली.

“माझा!”

हा आवाज त्याचा होता. घोगरा, फाटका, पण त्याचा. घशाला ओरखडा उमटला तो त्याला जाणवला आणि त्या ओरखड्याचाही आनंद झाला.

“खांबा, आत ये! लाइनवर!”

दुसरा आवाज मागून आला. शांत, भरलेला, कसलीही घाई नसलेला.

मास्तर हवेत होता. वरून त्याला खांबाचा चेहरा अगदी स्वच्छ दिसला. खांबाने त्याच्याकडे बघितलं. डोळ्याला डोळा भिडला, यात मुळीच शंका नव्हती. मग ती नजर त्याच्या खांद्यावरून सरकून मागे गेली. क्षणभरच खांब घुटमळला. मग त्याने फॉरवर्डला सोडलं आणि मास्तरच्या अंगाखालून, मान खाली घालून, तो गोललाइनकडे पळत गेला.

चेंडू हातांत येत होता. बोटांना तो लागलासुद्धा. पण अडवायला कुणी नसलेला फॉरवर्ड पूर्ण वेगाने वर आला आणि त्याचा गुडघा त्याच जुन्या जागी बसला. खांदा निखळल्याचा आवाज मास्तरने आतून ऐकला. चेंडू निसटून गोलकडे गेला आणि लाइनवर नेमक्या जागी उभ्या असलेल्या खांबाने तो डोक्याने बाहेर भिरकावला. शिट्टी वाजली. सामना संपला.

स्टेडियम फुटल्यासारखं गर्जलं. मास्तर गवतावर एका कुशीवर पडला होता. त्याची माणसं धावत आली. डिफेंडर आले, मधल्या फळीतले आले, बाकावरचे सगळे आले, कोच दोन्ही हात पसरून आले. एकेक जण त्याच्या जवळून, कुणी तर त्याच्यावरून उडी मारून पुढे गेला. ते सगळे गोलमध्ये शिरले. जाळीच्या आत त्यांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कडं केलं.

फॉरवर्ड तेवढा मास्तरजवळ थांबला होता. “लागलं का जोरात?” असं म्हणत त्याने हात पुढे केला. मग त्याची नजर गोलमध्ये गेली. त्याने हात मागे घेतला आणि गोलकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी तो दूर गेला.

मास्तरने मान उचलली. खेळाडूंच्या पायांमधून त्याला दिसलं, की ते कडं पोकळ होतं. मधोमध एका माणसाची जागा त्यांनी सोडली होती. हात त्या जागेवर पडत होते आणि खांद्याच्या उंचीवर अडत होते. कोचनी तिथे थोपटलं आणि थोपटल्याचा आवाज आला. खांब तर रडत होता. त्याचं कपाळ पुढे झुकून कशावर तरी टेकलं होतं आणि खाली पडत नव्हतं.

“मास्तर!” खांब हुंदका देत म्हणाला. “मास्तर!”

त्या हाकेत इतकी माया होती, की मास्तरला एका क्षणासाठी सगळं क्षमा करावंसं वाटलं. त्याने शाबूत असलेला हात वर केला. “इकडे,” तो म्हणाला. “अरे, मी इकडे आहे.” त्याचा आवाज त्याच्याच कानांपर्यंत पोचला नाही.

खांब वळला नाही. कड्यातल्या त्या मोकळ्या जागेतून त्या भरलेल्या आवाजात कुणीतरी “ओ” दिली, आणि सगळे हसले.